थोरली पाती सरकली!

आता काय सांगू तुम्हाला, मोटारीचं मागचं चाक सरळ करायला गेलो आणि स्वतःचं लग्नच वाकडं करून बसत होतो!

तेव्हा मी धारला एका सरदारांची मोटार चालवायचो. देवासची एक मुलगी नात्यातल्या लग्नात बघितली होती, आणि खरं सांगतो, मनात अगदी भरली होती. लग्नाची बोलणी करायला वडील मंडळी पुढे गेली. सरदार मला म्हणाले, "तू मोटार घेऊन जा. वजन पडेल."

कसलं वजन! वाटेत एक खड्डा लागला आणि मोटार तिरकी चालायला लागली. तोंड देवासकडे, ढुंगण शेताकडे! अशी खेकडी घेऊन मुलीच्या दारात जायचं?

देवासच्या बाजारात एक मिस्त्री भेटला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत त्याने सुतळी ताणली, खाली वाकून बघितलं.

"भिया, छोटी पाती में कुछ नी. सब गड़बड़ बड़ी पाती में है. सरकाए बिना चक्का सीधा नी होगा."

एवढं बोलून तो पाने आणायला गेला.

आता देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं! थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक राजा, त्या अंगाला दुसरा. आणि माझी मोटार उभी होती थोरल्या पातीत! म्हटलं, असेल बुवा इथला काही कायदा.

समोरून एक पगडीवाले गृहस्थ येत होते.

"काका, जरा हात लावता का? पलीकडे न्यायचीय."

"का हो?"

"अहो, थोरल्या पातीत सगळी गडबड आहे! इथे काही म्हणजे काही सरळ व्हायचं नाही!"

गृहस्थांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पण बिचाऱ्यांनी उपरणं खोचलं आणि ढकलली मोटार.

ते गेले आणि मिस्त्री आला. "गाड़ी इधर कैसे?"

"बड़ी पाती से सरका दी!"

तो कपाळाला हात लावून खालीच बसला. मग माझी मान धरून मोटारीखाली वाकवली. चाकाच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, लोखंडी पट्ट्या, एकीवर एक. सगळ्यात लांब पट्टी बोटाने वाजवून म्हणाला, "भिया, ये बड़ी पाती!"

तासाभरात चाक सुतासारखं सरळ! मी ऐटीत मुलीच्या दारात मोटार उभी केली. दार कुणी उघडलं असेल? पगडीवाल्यांनी! मुलीचे वडील, थोरल्या पातीचे जुने कारकून!

संपलं, म्हटलं. गेली मुलगी हातची. सगळी बैठक होईपर्यंत माझी मान काही वर आली नाही.

शेवटी तेच खाकरले. "जावईबापू, मुलगी थोरल्या पातीतच वाढलीय. चालेल ना? की आधी ढकलत पलीकडे न्यायची?"