गोरेभाऊ विलायतवाले

विलायतेतल्या एका गवयाचं अख्खं चरित्र नागपुरी बोलीत तोंडपाठ असलेला माणूस पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. त्यांनी खुशाल हसावं. आमच्या मावसाजींना भेटलेला माणूस पहिली पाच मिनिटं हसतो, पुढची पाच मिनिटं उठून जायची सबब शोधतो आणि अर्ध्या तासानं खुर्ची पुढे ओढून 'मंग काय झालं?' असं विचारतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. उमरेडच्या विणकराच्या घरातला हा माणूस. वडिलांचा माग बंद पडल्यावर रेल्वेत चिकटला, आरक्षणाच्या खिडकीमागे बसून छत्तीस वर्षं लोकांना देशभर पाठवत राहिला आणि स्वतः नागपुरातलं लकडगंज सोडून फारसा कुठे गेला नाही. तरुणपणी इतवारीच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून त्यांनी भजनाची म्हणून एक कॅसेट उचलली. डबी भजनाचीच होती, आत मात्र हा गोरा निघाला. दुसरा कोणी असता तर दुकानदाराशी भांडायला गेला असता. मावसाजींनी ती दोन्ही बाजूंनी ऐकली, 'भजनच हाये वं, भाषा दुसरी हाये फक्त' असा निकाल दिला आणि रोज सकाळी पूजेच्या वेळी लावायला सुरुवात केली.

कॅसेटवरचं नाव घेऊन मग ते दर रविवारी वाचनालयात जाऊन बसू लागले. एका हातात शब्दकोश, समोर जुनी इंग्रजी मासिकं. एकेक वाक्य फोडायला त्यांना तास लागे, पण फोडलेलं वाक्य ते आयुष्यात विसरत नसत. गवयाचा बाप बसचा ड्रायव्हर होता, हे कळलं त्या दिवशी त्यांनी घरी येऊन मावशीला आनंदानं सांगितलं, 'एसटीतला निघाला वं, आपल्यातलाच हाये.' त्याचं खरं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून ते त्याला गोरेभाऊ म्हणत. आता आपल्याकडे गोरे म्हटलं की आडनाव. लग्नाच्या पंगतीत मावसाजी 'आमच्या गोरेभाऊचं पहिलं गाणं साफ पडलं होतं' असं सुरू करत आणि शेजारचा माणूस घास थांबवून विचारी, 'कुठले गोरे म्हणता? रामटेकचे?' 'नाही जी, विलायतचे.' 'असं असं, तिकडे असतात का आता!' एकदा पारशिवनीचे एक सज्जन भाचीची माहिती लिहिलेला कागद घेऊन थेट घरी आले. गोरेभाऊंच्या मुलाचं कुठे जमलं का, अशी त्यांनी चौकशी केली. मावसाजींनी त्यांना चहा दिला, कागद नीट वाचला आणि अत्यंत गंभीरपणे परत केला. 'पोरगी चांगली हाये हो, पण गोरेभाऊले पोरगा नाही. दोन्ही पोरीच हायेत.'

गोरेभाऊंच्या भाग्योदयाची कथा तर मी निदान शंभर वेळा ऐकली असेल. मासिकात लिहिलं होतं की त्याचं दुसरं गाणं लोकप्रिय गाण्यांच्या चार्टमध्ये हळूहळू वर सरकत पहिल्या क्रमांकावर गेलं. आयुष्यभर डब्याच्या दारावर चिकटवायचे चार्ट काढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायची काय गरज? 'वेटिंगले होता बिचारा,' मावसाजी सांगत. 'एकशे चाळीस वेटिंग. कोणी म्हणे होत नाही, वापस कर तिकीट. पण रोज थोडं थोडं क्लिअर होऊन राहिलं होतं. आन् एका मंगळवारी चार्ट निघाला, पाहते तं काय, कन्फर्म! एक नंबर!' हे सांगताना त्यांचे डोळे भरून येत. कॉलेजात गेल्यावर मला शहाणपण सुचलं आणि मी त्यांना सांगितलं की तो चार्ट वेगळा असतो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. 'चार्ट म्हणजे अजून काय असते वं? नाव वर चढते नाहीतं लटकून राहते. तिकडं बी तसंच असंन.'

मात्र एका बाबतीत ते भयंकर कडक होते. गोरेभाऊंच्या चरित्रात वाढीव एक अक्षर खपत नसे. जावई एकदा सासऱ्याला खूश करायला म्हणून पाहुण्यांत बोलून गेला की ते गाणं सहा आठवडे पहिलं होतं. मावसाजींनी भर बैठकीत त्याला थांबवलं. 'तीन. तीनच आठवडे. माणूस समोर नाही म्हून त्याच्या नावावर काहीबी लावाचं नाही.' जावई तेव्हापासून गोरेभाऊंबद्दल बोलतच नाही.

मी त्या काळात ऑर्केस्ट्रात गात होते. गणपती, दुर्गा, लग्नं, कुठेही बोलावलं की जायचं आणि घसा फाटेस्तोवर गायचं. तो खरंच फाटला. गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की महिनाभर मौन पाळा, पुढे बोलता येईल, गाणं मात्र विसरा. वय पंचवीस. मला गाण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती. येणारा प्रत्येकजण 'होईल सगळं ठीक' म्हणून जाई, आणि तो गेला की मी भिंतीकडे तोंड करून पडे. मावसाजी मात्र रोज दुपारी लकडगंजहून सायकलवर येत, मावशीनं दिलेला मऊ भात माझ्यासमोर ठेवत आणि काहीही न बोलता बसून राहत. त्यांच्यासारखा माणूस गप्प बसलेला पाहून मलाच धास्ती वाटायला लागली. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी खाकरून सुरुवात केली. 'गोरेभाऊले बी हेच झालं होतं.'

हा अध्याय मी कधी ऐकला नव्हता. बोलायची बंदी, म्हणून उशाशी पाटी ठेवलेली असे. मी पाटीवर लिहिलं, 'मग?'

'मंग काय वं. गळा बसला. गाणं गेलं. पेपरवाले म्हणे, संपला हा. घरात पडून राहे, भिंतीकडं तोंड करून, तुह्यासारखा. मंग एका दिवशी उठला, आंघोळ केली आन् नाटकवाल्याच्या दारात जाऊन उभा झाला. म्हणे, मले गाता येत नाही आता, पण बोलता येते. हा असा फाटका आवाज तुमाले चालते काय? ते म्हणे, बाप्पा, आमी असाच आवाज ढुंढून राहिलो होतो!' मी लिहिलं, 'खरं?' ते उठले, डबा उचलला आणि दारातून म्हणाले, 'गोरेभाऊबद्दल मी कधी खोटं सांगतलं काय?'

गवई पुढे नट झाला हे मला आधीपासून ठाऊक होतं. पहिल्या नाटकात त्याला फक्त एक पत्र आणून द्यायचं काम होतं आणि तेही तो दोनदा विसरला, हे मावसाजी नेहमी सांगत. पण तो का नट झाला, हे मला त्या दुपारी प्रथम कळलं. मी त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोपले. महिन्यानं मौन सुटल्यावर मावसाजींनीच मला एका शाळेच्या हॉलमध्ये नेलं, तिथे एका नाटकाची तालीम चालू होती. 'बोलून दाखव वं यायले,' ते म्हणाले. मी लाजत चार वाक्यं बोलले. त्यांना एक खवट म्हातारी हवी होती आणि माझा आवाज ऑपरेशनपासून ऐंशीच्या घरात गेलेला. सव्विसाव्या वर्षी मी पांढरा टोप घालून जी उभी राहिले, ती गेली पंधरा वर्षं नागपूरपासून गोंदियापर्यंतच्या प्रेक्षकांची लाडकी म्हातारी आहे. घर त्यावर चालतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दिवे लागले की मला अजूनही जगावंसं वाटतं.

मी स्मार्टफोन घेतला तेव्हा मावसाजी उगाच अस्वस्थ झाले होते. 'त्याच्यात गोरेभाऊचं काही वाचत नको जाऊ. मी हावो ना सांगायले.' मला वाटलं, म्हातारपणी जरा मत्सर वाटत असेल. यंदा उन्हाळ्यात मी सहज शोधलं, तर गोरेभाऊंची मोठी मुलाखत सापडली. आता ते मालिकांत आजोबांची कामं करतात. तीच ती गाणी गाऊन कंटाळा आला, म्हणून नाटकात गेलो, असं त्यांनी सांगितलं होतं. घशानं आयुष्यात कधी दगा दिला नाही, याबद्दल तर देवाचे आभारही मानले होते.

मी तशीच लकडगंजला गेले. मावशी ओट्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. तिला विचारलं तर ती हसायलाच लागली. 'अवं, तुले आत्ता समजलं? ते गळ्याचं सांगून तुह्या घरून आले त्या दिवसापासून अकरा दिवस कॅसेट लावली नाही त्यायनं. मी म्हटलं, काहून जी, बिघडली काय? तं म्हणे, त्याच्या नावावर एक खोटं लावलं मी. माफी मागून राहिलो.'

मावसाजी आत खुर्चीत बसले होते. आता ऐकू कमी येतं, म्हणून मी कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, 'मावसाजी, गोरेभाऊंचा गळा कधी बसलाच नव्हता.' त्यांनी मान वर केली. इतका घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून असेल. तसं नव्हतं.

'मंग आता नाटक सोडतं काय वं तू?'

पंधरा वर्षं हा माणूस एवढीच एक भीती बाळगून बसला होता. मी म्हटलं, 'नाही हो. शनिवारी कळमेश्वरला प्रयोग आहे.' त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं, मग खुर्चीत मागे टेकले. 'मंग राहू दे त्याचा गळा बसलेला,' ते म्हणाले. 'आपल्या घरातल्या घरात तं बसला हाये. त्याले कुठं समजते.'

मी वाकून त्यांच्या पाया पडले. निघताना पाया पडायची आमच्याकडे रीत, त्यामुळे ते गडबडले.

'निघाली काय वं? आत्ता तं आली.'

'नाही मावसाजी,' मी म्हटलं, 'बसते थोडी,' आणि तिथेच त्यांच्या पायाशी बसले.