आधी खडे, मग हॉकी

फोन आला तेव्हा मी सावद्याला दिल्लीच्या एका व्यापाऱ्याशी केळीच्या भावावरून भांडत होतो. पलीकडून नासीरभाईंचा धाकटा मुलगा सलीम म्हणाला, "काशिनाथकाका, अब्बा गेले." समोरचा व्यापारी अजून हातवारे करत होता. त्याला म्हटलं, "तू म्हणशील तो भाव," आणि गाडीत बसलो. सावद्याचे लोक अजून त्यावरून चेष्टा करतात. काशिनाथ भावात तुटला, असं आयुष्यात एकदाच झालं... आणि तेही अशा माणसासाठी, ज्याच्यावर मी तरुणपणापासून रागावलेलो होतो. तो राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नासीरभाई जळगावात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नातली पेटी त्यांच्याच दुकानातली हवी, असा एक काळ होता. पण गाव त्यांना ओळखायचं ते आमच्या हॉकी क्लबचे गोलकीपर, मग कॅप्टन, आणि शेवटी सगळंच, म्हणून. कापसाच्या जुन्या जीनमागच्या मुरमाड मैदानावर हा क्लब सुरू झाला. दिवसभर कापसाच्या गाठी बांधणारे कामगार संध्याकाळी बाभळीच्या वाकड्या काठ्या घेऊन खेळायचे, त्यात नासीरभाईंचे वडीलही होते. जीनचे मालक, म्हणजे मोठे शेठजी, एकदा खेळ बघून म्हणाले होते, "खेळत राहाल तोवर मैदान तुमचं." कागद नाही, सही नाही. तेवढ्या शब्दावर आमच्या तीन पिढ्या खेळल्या. गावात आम्हाला 'जीनवाले' म्हणत, आणि धुळ्याचे खेळाडू आमचं नाव काढलं की तोंड वाकडं करत. त्यातच आमचा मान होता.

मैदान मात्र दगडाच्या जातीचं. आज साफ करा, उद्या खाली दबलेले खडे पुन्हा वर. खड्यावर चेंडू उडाला की थेट दातावर. नासीरभाईंच्या वडिलांचे पुढचे दात असेच गेले, आणि त्या दिवसापासून क्लबात एक नियम झाला. खेळण्याआधी सगळ्यांनी एका रांगेत, खाली वाकून, या गोलपासून त्या गोलपर्यंत खडे वेचत जायचं. वेचलेले खडे कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली टाकायचे. कॅप्टन असो, डॉक्टर असो, फौजदार असो, जो रांगेत नाही तो टीममध्ये नाही.

आता माझं दुखणं सांगतो. मी राइट विंगला खेळायचो, आणि माझ्याइतका पळणारा या जिल्ह्यात नव्हता. पोटासाठी तेव्हा खांद्यावर केळीचे घड वाहून ट्रक भरायचो. धुळ्याविरुद्ध फायनल होती. त्या दिवशी ट्रक भरायला उशीर झाला, त्याच ट्रकच्या टपावर बसून मी जळगाव गाठलं आणि चिकाने काळे झालेले कपडे तसेच ठेवून मैदानात धावलो. रांग नुकतीच पलीकडच्या गोलला पोचली होती.

"वेचणी झाली, काशी," नासीरभाई म्हणाले. "बाहेर बस."

"मी हमाली करून आलोय, झोपून नाही!"

"मालूम आहे. बाहेर बस."

बसलो. आणि ते माझ्याशिवाय जिंकले. राग कशाचा, तर याचाच! हरले असते तर मी केव्हाच माफ केलं असतं. रागातही मी आपल्या टीमसाठी इतका ओरडलो, की दोन दिवस घशातून आवाज निघेना. धुळ्याकडून हरणं मला बाहेर बसूनसुद्धा परवडणारं नव्हतं.

पुढे मी केळीत नाव कमावलं, स्वतःच्या गाड्या घेतल्या. नासीरभाई मला 'काशिनाथशेठ' म्हणू लागले. त्या 'शेठ'मध्ये असा काही सूर असायचा की माझं डोकं फिरायचं. आणि मग काही वर्षांपूर्वी एके दिवशी तेच सावद्याला माझ्या दारात आले. मोठ्या शेठजींचा नातू पुण्याहून मैदान मोजायला येणार होता. तिथे आता कोणी खेळत नाही, असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. प्लॉट पडणार होते.

"आपल्याकडे कागद नाही," नासीरभाई म्हणाले. "तोंड आहे, ते तुझं. चल."

गेलो. अर्धं मैदान सोडायचं आणि अर्धं राखायचं, असा हिशेब मी मनात बांधून ठेवला होता. नातू गाडीतून उतरला, सोबत फीतवाला. मी नमस्काराला हात जोडले, तोच मैदानातून आवाज आला. गुडघे गेलेले नासीरभाई जुन्या हॉकीस्टिकवर भार देत उभे होते, शेजारी पोरापोरींची रांग वाकलेली.

"बाबू, तिथेच थांब. वेचणी चालू आहे. मैदानात यायचं तर रांगेत ये."

माझं रक्त उकळलं. "नासीरभाई, मालक आहेत ते!"

"असू दे ना. तुझा भाव नंतर कर."

मला वाटलं, झालं, गेलं मैदान. पण तो पोरगा हसला, चकचकीत बुटांनिशी रांगेत शिरला आणि वाकला. ओंजळभर खडे घेऊन लिंबाखाली गेला आणि तिथेच थबकला. ढीग त्याच्या डोक्याच्या वर गेला होता. तळाचे दगड काळेठिक्कर, त्यांच्यातून लिंबाची मुळं फिरलेली. वरचे मात्र अजून ओल्या मातीने माखलेले.

"हे सगळं इथलंच?"

"नाहीतर काय, विकत आणलं?" नासीरभाई म्हणाले. "तुझ्या आजोबांनी टाकलेले पण आहेत यात. कुठले, ते मात्र विचारू नको."

"मला तर सांगितलं होतं, इथे कोणी खेळत नाही..."

त्याचा आवाज खाली आला, आणि तो क्षण मी सोडला नाही. बाजारात दुसरं काय शिकलो? रस्त्याकडची पट्टी त्याच्या गाळ्यांना आणि पूर्ण मैदान क्लबच्या नावावर, असं तिथेच लिंबाखाली ठरवलं. वर त्याच्या खर्चाने पाण्याचा नळही पदरात पाडून घेतला. अर्धं मागायला गेलो होतो, सगळं घेऊन आलो!

कागद झाला त्या दिवशी क्लबात हारतुरे झाले. हार नासीरभाईंनी वाटले. पोरांना घातले, पोरींना घातले, फीतवाल्यालासुद्धा घातला. मला नाही.

"तू त्या दिवशी वाकला नाहीस, काशी. उभाच होतास."

मी त्या सभेतून तरातरा निघून गेलो. आजही म्हणेन, ते चुकले.

ते गेल्यानंतर गेल्या महिन्यात आमच्या मैदानावर धुळ्याची टीम आली. जिंकलो, चांगलं वाजवून जिंकलो, आणि शेवटचा गोल नासीरभाईंच्या नातीने मारला. पण मला सांगायचं आहे ते सामन्याआधीचं. मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. रांग लागली. लिंबाकडची पहिली जागा नासीरभाईंची, ती पोरांनी रिकामी ठेवली होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो.

"काका, तुम्ही बसा ना खुर्चीवर," सलीम म्हणाला.

"तुझ्या बापाने आयुष्यभर बसवलं, तेवढं पुरे."

धुळ्याचा कॅप्टन हे सगळं बघत होता. "हाई काय चाली ऱ्हायनं भाऊ? मॅच शे का निंदणी?" शेतातलं तण काढायला निघाल्यासारखी आमची रांग होती खरी, सगळे हसले. मग त्यानेच स्टिक खाली ठेवली, त्याची टीमही रांगेत आली, आणि दोन्ही गावं एकदम वाकली.

या गोलपासून त्या गोलपर्यंत गेलो. कंबर मोडली, पण एकदाही उभा राहिलो नाही. शेवटी लिंबाखाली आलो आणि मुठीतले खडे ढिगावर टाकले. ते खडखडत खाली आले, एकदोन काळ्या दगडांत अडकले.

"नासीरभाई," मी म्हणालो, "वेचणी झाली. आता बसवून दाखवा बाहेर."