कोरडी कळी

पाणी भरायला आलेली माणसं टाक्यात बघत. हा एकच माणूस टाक्याकडे पाठ करून बसे. घागर दगडावर ठेवायची, उकिडवं बसायचं आणि वर डोंगराच्या कुशीतल्या देवराईकडे बघत राहायचं. कुणी थट्टा केली की उत्तर ठरलेलं असे, "पानी टाक्यात न्हाई. तिकडं हाय."

घागर दगडावर ठेवायची, कारण टाक्याला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. त्यांचा बाप ख्रिस्ती झाला होता, पण गावाच्या लेखी जात काही गेली नव्हती. टाकं भरणाऱ्या ज्या झऱ्याची ते राखण करत, त्याचं पाणी कुणी वरून ओतलं तरच त्यांना मिळे. मला त्यात काही खटकत नसे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पारनेर तालुक्यातल्या त्या गावी मी जंगल खात्याच्या चौकीत कारकून होतो आणि ते रखवालदार. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मी त्यांना अरे-तुरे करत असे. आज लिहिताना 'ते' लिहितो आहे, पण त्याचा त्यांना काय उपयोग?

कामाला मात्र माणूस भारी चिवट. नवा असताना एकदा मी देवराईच्या कडेला करंजाची काडी मोडून दात घासत होतो. हे समोर येऊन उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "भाऊसाहेब, परवाना?" मला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. तोंडात काडी तशीच धरून मी चौकीवर गेलो आणि पुढचे चार दिवस राखुंडीनं दात घासले. देवराईभोवतीच्या रानात लाकडं तोडताना सापडलेल्या बायांच्या कुऱ्हाडी ते काढून घेत, झोपडीत ठेवत आणि दिवेलागणीला जिच्या तिच्या घरी नेऊन देत. वर प्रत्येकीला तेच ऐकवत, पाणी तिकडं आहे म्हणून. बाया तोंडाला पदर लावून हसत, पण आठवडाभर तिकडं फिरकत नसत.

देवराई सरकारी दप्तरात होती, पण राखली होती देवीच्या धाकानं. तिथं कुऱ्हाड लावायची तर आधी कौल घ्यावा लागे. देवीच्या पाषाणावर डावीउजवीकडे एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडल्यावर तिथली वाळली फांदी उचलायचीही कुणाची छाती होत नसे.

पेट्रोल मिळेना म्हणून लॉऱ्या लाकडी कोळशावर धावू लागल्या आणि कोळशाच्या एका ठेकेदाराला देवराईची तोड मंजूर झाली. गाव म्हणालं, कौल मिळाल्याशिवाय एक माणूस कामाला येणार नाही. खात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. एवढं जमव, नगरला बदलीची शिफारस करतो, म्हणाले. लग्नाला वर्ष झालं होतं आणि बायको नगरला होती. मला नगर हवं होतं.

त्याच आठवड्यात ते चौकीवर आले. त्यांनी काही मागितल्याचं मला तेवढंच आठवतं. लहानपणी त्यांनी पलीकडचा डोंगर तुटताना पाहिला होता. तिथला झरा आटला होता आणि पाणवठ्याची वाट आता कुसळांत बुजून गेली होती. "डोंगर उघडा पडला की पानी थांबत न्हाई, पळून जातं. सायबाला येवढं सांगा, भाऊसाहेब." सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

कौलाच्या दिवशी सगळा गाव जमला. म्हातारा गुरव हात थरथरतात म्हणून मला म्हणाला, तुम्ही आंघोळ करून आलात, कळ्या तुम्हीच लावा. डावी कळी मी तांब्यात बुडवून नीट दाबून बसवली. उजवी धोतराच्या सोग्याला हळूच पुसली आणि नुसती टेकवली. गुरवाचं गाऱ्हाणं संपायच्या आत ती खाली आली. गावानं हात जोडले.

मी मान वर केली. ते दगडांच्या कुंपणाबाहेर उभे होते, कारण कौलाच्या दिवशी त्यांना आत येता येत नसे. सगळ्यांची नजर देवीवर होती. त्यांची माझ्या हातांवर होती.

ते वळून झोपडीकडे चालू लागले आणि मला हायसं वाटलं. देवीच्या कौलाबद्दल ख्रिस्ती रखवालदाराचा शब्द कोण मानणार, हा हिशेब मी कळी पुसतानाच केला होता. आपल्या त्या हुशारीची मला आजही किळस येते.

तोड शिमग्यापर्यंत चालली. उंबर गेले, जांभळी गेल्या. पडलेल्या ओंडक्यांवर सरकारी हातोड्यानं छाप मारायचं काम रखवालदाराचंच असतं. ते त्यांनी एकही दिवस न चुकवता केलं. त्या पावसाळ्यात डोंगराची माती टाक्यात उतरली. पुढच्या उन्हाळ्यात झरा थांबला. बाया दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या.

आता गावाला कारण हवं होतं. कौल देवीनंच दिलेला, म्हणजे तोडीचा दोष नव्हे. मग ठरलं की ख्रिस्ती माणूस देवराईत फिरत होता म्हणून देवी रागावली. त्याला काढावं असा अर्ज करायचा होता आणि लिहिता येणारा मी. अर्ज मीच लिहिला, वळणदार अक्षरात.

दुसऱ्या दिवशी ते दाराशी येऊन उभे राहिले. आवाज चढला नाही.

"कळी तुमी कोरडी लावली हुती. म्या बघितलं. पन म्या सांगून कोन ऐकनार? तुमी सांगितलं तर ऐकतील."

मी म्हणालो, "बघतो."

ते "व्हय" म्हणाले आणि गेले.

त्यांना कमी केल्याचा हुकूम आणि माझ्या बदलीचा कागद एकाच टपालानं आले. सकाळी मी चौकीच्या खिडकीत उभा होतो. पाठीला वळकटी आणि हातात घागर घेऊन ते टाक्यापाशी आले. सवयीनं घागर दगडावर ठेवली, टाक्याकडे पाठ केली आणि उघड्या डोंगराकडे तोंड करून बसले. ओतायला कुणी नव्हतं आणि ओतण्यासारखंही काही नव्हतं. बऱ्याच वेळानं उठले, घागर उचलली आणि चौकीकडे वळून पाहिलं.

मी खिडकीतून बाजूला झालो.