किती वर्षं राहिलं म्हणजे गावचं?

आप्पा गेल्याचा फोन मला घरच्यांच्या आधी बिद्याधरनं केला. ओडिशातून कारखान्यात कामाला आलेला हा माणूस माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, कारेगावच्या खोलीत भाड्यानं राहतो. "आप्पा नाही राहिले," एवढंच मराठीत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आप्पांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाकडं निघायचं आणि प्रत्येक गावाच्या शिवेवर कुणीतरी दरडावायचं, कुठले रे तुम्ही? पुढं आजोबांनी मेंढरं विकून कारेगावात जमीन घेतली. शेजारी रांजणगावला कारखाने आले तेव्हा आप्पांनी रानाच्या कडेला पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारू लागले, कुठले तुम्ही? फरक एवढाच, की त्यांना उत्तर खरंच हवं असायचं. पाऊस कधी येतो, नदी केवढी, मेंढराला काय म्हणता... बिद्याधर "मेण्ढा" म्हणाला तेव्हा आप्पा कितीतरी वेळ हसत होते. "आरं, मग तू लांबचा कसा?"

अकरा वर्षं राहिल्यावर बिद्याधरनं इथल्या मतदार यादीत नाव घालायचं ठरवलं, तर ग्रामसभेत कुरबूर झाली. एकजण म्हणाला, "आज नाव लागंल, उद्या गाव ह्यांचंच व्हईल." आप्पा सावकाश उठले. "किती वर्सं ऱ्हायलं म्हंजी माणूस गावचं व्हतं? माझ्या बापाला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून इचारतो." टोमणा नव्हता तो. ते उत्तराची वाट बघत उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते बिद्याधरला घेऊन शिरूरच्या कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, "आजोबा, हे तुमचे कोण?"

"शेजारी हाय. रोज बघतो मी त्याला."

पुढच्या यादीत नाव आलं.

आप्पांच्या दहाव्याला भावकीतल्या पुरुषांबरोबर बिद्याधरनंही केस उतरवले. ग्रामसभेत बोललेला तो गृहस्थ तिथंच होता. त्यानं सरकून बिद्याधरला शेजारी जागा करून दिली.

आप्पांची बाज अजून खोल्यांसमोरच्या लिंबाखाली आहे. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा झारखंडहून नुकताच आलेला एकजण तिच्यावर अवघडून बसला होता. बिद्याधर कामावरून आला, डबा खाली ठेवून त्याच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "तुम्हारे यहाँ अभी खेत में क्या होगा?"

तो माणूस बाजेवर मांडी घालून नीट बसला आणि सांगायला लागला.