उशी घेऊन आलेले सर

आमचे सर माणसाची लायकी त्याच्या तोंडावर सांगायचे, तीही न विचारता. कॉलेजात त्यांनी मला भूगर्भशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते उलव्यात नेमके माझ्याच सोसायटीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आले. मी तोवर बेलापूरच्या एका कचेरीत कारकून झालो होतो. "दगडांतून सुटलास आणि फायलींत गाडला गेलास," हा त्यांनी इतक्या वर्षांनी मला दिलेला आशीर्वाद. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. असं बोलणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

आमच्या सोसायटीत शहाण्यांना तोटा नसल्यामुळे सरांचा वेळ मात्र मजेत जायचा. विमानतळासाठी डोंगर फोडत होते तेव्हाची गोष्ट. हिमनद्या वितळताहेत, आता मोठा भूकंप येणार, असा मेसेज ग्रुपवर फिरत होता आणि त्याच दुपारी खिडक्या थरथरल्या. अख्खी सोसायटी जिने उतरून धावली आणि उभी कुठे राहिली, तर इमारतीच्या पोटातल्या पार्किंगमध्ये! खराच भूकंप असता तर एकही शहाणा शिल्लक राहिला नसता. सर बाल्कनीत चहा पीत होते. "रोज याच वेळी सुरुंग उडतो," ते वरून म्हणाले. "हिमालय घड्याळ बघून हलत नाही."

मग सेक्रेटरींनी सत्यनारायणाच्या पूजेनंतर सरांचं व्याख्यान ठेवलं. सर घरून सोफ्याची उशी घेऊन आले. तिच्यावर तळहात दाबून त्यांनी समजावलं, की बर्फाचं ओझं जमिनीला असंच दाबून ठेवतं. बर्फ गेला की जमीन सावकाश वर येते, आणि तिच्या पोटात आधीच ताणलेली भेग असेल तर ती त्या निमित्ताने सरकू शकते. म्हणजे बर्फ वितळून भूकंप तयार होत नाही, फार तर यायचा तो लवकर येतो. सेक्रेटरींनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग सर, आपला डोंगर पन गेला ना? आपली बिल्डिंग वर येनार काय?" सरांनी उशी काखोटीला मारली आणि प्रसादही न घेता ते निघून गेले.

त्यांची एकुलती एक मुलगी सई हिमालयात बोगद्याच्या कामावर इंजिनिअर म्हणून निघाली, तेव्हा सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला मध्यस्थीला वर बोलावलं. काकू साताऱ्याच्या, सरळ बोलणाऱ्या. वरती हिमनदी वितळतेय, तिथे भूकंप होणार, एवढंच सरांनी पोरीला सांगावं, असं त्यांचं म्हणणं. बापाचा शब्द तिने मोडला नसता.

"होऊ शकतो, एवढंच मला ठाऊक आहे," सर म्हणाले. "होणार, असं मी कधी परक्या पोरांना शिकवलं नाही. स्वतःच्या पोरीला कसं सांगू?"

सई गेली. काकू महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मलाही त्या दिवशी सरांचा राग आला होता. एवढं एक खोटं बोलायला काय जात होतं त्यांचं!

वर्षभरात तिकडे भूकंपाचा धक्का बसला. सकाळपासून सईचा फोन लागेना. ग्रुपवर 'आपल्या सरांनी सांगितलंच होतं' असं कुणीतरी अभिमानाने टाकलं होतं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी वर गेलो. काकू देवापुढे बसल्या होत्या. सरांनी माझं मनगट धरलं.

"सई ठीक असेल ना रे?"

"ठीक आहे सर," मी म्हणालो. मला काय डोंबल ठाऊक होतं!

"कशावरून?"

"ठीक आहे ती," मी पुन्हा तेच म्हणालो. सरांनी आज्ञाधारक पोरासारखी मान हलवली.

दुपारी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून सईचा फोन आला. ती सुखरूप होती. तोवर सरांनी माझ्याकडून ते वाक्य सात-आठ वेळा म्हणवून घेतलं होतं.