विमानाला बांधलेले लाल दोरे

दादाने इंदौरच्या मिलमध्ये उभा जन्म कापड पास केलं. टेबलावरून तागा पुढे सरकायचा आणि याची नजर त्यावर. खोट दिसली की काठाला लाल दोरा बांधायचा; मग रफूवाला ती खोट दुरुस्त करून दोरा काढून टाकणार. मिल बंद पडली तेव्हा बाकीचे गेटसमोर धरणं धरून बसले, कोणी पोह्यांचा ठेला टाकला. आमच्या दादाने विमान बांधायला घेतलं.

खरंखुरं, दोन माणसांचं. बाहेरचा माल मागवायला नुकतीच मोकळीक झाली होती, त्यामुळे बांधणीचे नकाशे आणि इंजिन आलं. पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीत मित्राची शेड रिकामी होती. पंखांवर चढवलेलं कापडसुद्धा आपल्याच मिलच्या शेवटच्या मालातलं, खळ काढून, धुऊन. "विमानाचं कापड म्हणून जे विकतात ते बघितलंय मी," तो म्हणायचा. "त्याला कापड म्हणतात?"

मी फ्लाइंग क्लबात मेंटेनन्सला. माझं लायसन्स कारखान्यात बनलेल्या विमानांचं. घरी बांधलेलं विमान तपासायला वेगळी मंजुरी लागायची, तीही त्या एकाच विमानापुरती. कारखान्याच्या विमानाबरोबर मॅन्युअल येतं. याचं मॅन्युअल दादाच्या डोक्यात. ते समजून घ्यायचं, मग दिल्लीला अधिकाऱ्यांपुढे तोंडी परीक्षा द्यायची, आणि पास झालो की माझ्या सहीने विमान उडणार. क्लबचा इन्स्ट्रक्टर चालवणार, शेजारी दादा बसणार. त्या एका गोष्टीवर तो जगत होता.

म्हणून दर रविवारी मी शेडवर.

"दादा, हा बोल्ट किती टाइट करायचा?"

"जितना चाहिए उतना."

"म्हणजे किती?"

"अरे भिया, हाताला कळतं. तुझ्या हाताला नाही कळत तर मेरा क्या कसूर?"

नकाशात जे होतं ते त्याने जागोजागी 'सुधारलं' होतं. का सुधारलं विचारलं की चहा मागवायचा. वहिनी डबा घेऊन यायची आणि मलाच विनवायची, "भाऊजी, लवकर पास व्हा हो. हे घरात असले की पोळ्यासुद्धा उजेडात धरून बघतात."

दोऱ्यांची कल्पना त्याचीच. म्हणाला, बडबड नको, खोट दिसेल तिथे लाल दोरा बांध. मी बांधले. विमान नवसाच्या झाडासारखं दिसायला लागलं. पुढच्या रविवारी निम्मे दोरे गायब. मला बरं वाटलं.

"सगळं दुरुस्त केलंस?"

"दुरुस्त काय करायचं? बघितलं मी. चलेगा. काढून टाकले दोरे."

"असे कसे काढलेस?"

"मिलमध्ये बारीक खोट असली तर दोरा आम्हीच ओढून टाकायचो. गिऱ्हाइकाला दिसत पण नाही."

"दादा, गिऱ्हाईक तू आहेस! वर तू बसणार आहेस!"

"तो फिर? मला चालतंय."

त्यातला एक दोरा शेपटीच्या बिजागरीवर होता. तिथला नट तारेने बांधून पक्का केलेला नव्हता. हादऱ्यांनी तो सुटला असता आणि विमान सरळ नाकावर आलं असतं. मी पुन्हा दोरा बांधला. त्याने पुन्हा काढला. मी डोकं धरून बसलो, तर हसत म्हणाला, "जन्मभर मी पास करत आलो, आता तू मला पास करणार?" त्यानंतर मी दोरे बांधणं सोडून दिलं.

दिल्लीत अधिकाऱ्यांनी जे विचारलं ते सगळं मला आलं. पास झालो. परतीच्या गाडीत एकच गोष्ट डोक्यात: आता सही. सही करायची तर त्याच्या जिवाशी खेळ. नाही करायची तर त्याला तोंडावर सांगायचं, की मिलने तुला घरी बसवलं आणि मीही तेच करतोय. स्टेशनवर तो उभाच होता.

"पास?"

"नापास," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

बिचारा माझ्या बाजूने भांडला. शेडवर येईल त्याला सांगायचा, दिल्लीवाले इंदौरच्या माणसाला मुद्दाम अडवतात, नाहीतर याला काय येत नाही? मग पुन्हा परीक्षेला बसवायचं म्हणून दर रविवारी माझी तयारी घ्यायला लागला. तो प्रश्न विचारायचा आणि मी मुद्दाम चुकत बसायचो. "येडा झाला का रे? परवाच सांगितलं ना!" घसा बसेपर्यंत शिकवायचा. मी परत परीक्षेला बसलोच नाही. शेवटी शेड विकली गेली, पंख काढून विमान गावाबाहेर हातोदला कुणाच्या गोदामात गेलं. ते कधीच उडलं नाही.

इतकी वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. गेल्या दिवाळीत त्याला सांगून टाकलं. मला वाटलं, विमानाचं काही बोलेल.

"म्हणजे ते सगळे रविवार," तो म्हणाला, "तुला येत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मला नापास करायचं होतंस ना, येड्या. स्वतःला कशाला केलंस? मी लोकांशी भांडत फिरलो तुझ्यासाठी."

उठला आणि आत निघून गेला. मग कित्येक दिवस फोन घेतला नाही. वहिनी म्हणाली, "अजून धुसफुसतायत, भाऊजी. इतके चिडलेले मी मिल बंद झाली तेव्हासुद्धा नव्हते बघितले." म्हणजे राग विमानाचा नव्हता, माझ्यासाठी भांडला त्याचा होता. मला बरं वाटलं.