उघाडीतला काना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, अमावास्येच्या उधाणात, माझ्या आत्याच्या विहिरीत खाडीचे पाणी शिरले. जीवितहानी झाली नाही.

विहीर पनवेलच्या खाडीकाठी, आमच्या गावात, आत्याच्या परसात आहे. गावची बहुतेक शेती गेली, तिथे इमारती आल्या. खाडीकडचा बांध आणि त्यामागची थोडी घरे राहिली. आत्याचा मुलगा करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहतो. आईला तिकडे नेण्याचा विषय तो दर दिवाळीला काढत असे.

"विहीर गोडी हाय तवर मी हलत नाय," हे आत्याचे ठरलेले उत्तर. "तुमचा टँकर चुकला का तुमीच कळश्या घेऊन माझ्या दारात येता."

हे खरे होते. तो येत असे.

बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे दगडी मोरीला खाडीच्या बाजूने बसवलेले लाकडी दार. भरती चढली की तिच्या रेट्याने ते मिटते. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याने उघडते. गावात हा शब्द कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

त्याआधीच्या वर्षी नाला रुंद करण्याचे आणि बांध दुरुस्तीचे काम मंजूर झाले. आराखड्याआधी ग्रामस्थांचे म्हणणे ऐकण्यासाठी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मी आत्याला घेऊन गेलो होतो. पुण्याहून आलेल्या तरुण इंजिनिअरने भिंतीवर नकाशा लावला आणि चहा मागवला.

"आजवर विचाराला कोण आला नव्हता," मागे बसलेला आत्याचा शेजारी म्हणाला. "आता चहा पण पाजतायत. म्हंजे कायतरी जानार."

लोक हसले. इंजिनिअरही हसला. त्याने घाई केली नाही, प्रत्येकाला बोलू दिले. आत्याची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली.

"बाकी काय पन करा, बाबा. आमची उघाडी ठेवा."

"ठेवायचीच ना आजी? नक्की?"

"ठेवा म्हंजे ठेवा. तिच्याबिगर आमी बुडू."

त्याने नकाशावर हिरव्या पेनने खूण केली. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

काही महिन्यांनी आराखडा दाखवायला तो पुन्हा आला. त्यात बांधापाशी लिहिले होते : 'उघडी मोरी – ग्रामस्थांच्या सूचनेनुसार.'

"पुन्यात काना महाग झालाय वाटतं," शेजारी म्हणाला. पुन्हा हशा झाला. सगळ्यांनी तो शब्द उघाडी असाच वाचला. आराखडा एकमताने मान्य झाला.

उन्हाळ्यात जुनी मोरी काढून तिच्या जागी मोठे सिमेंटचे पाइप टाकले. लाकडी दार बांधावर काढून ठेवले होते. ते नंतर दिसले नाही. आत्याने मुकादमाला विचारले, "दार कवा लावनार?" तो म्हणाला, माझं काम पाइपांपर्यंत. नवीन दार मागून येईल, असा अर्थ गावाने घेतला. पावसाळाभर नाल्याचे पाणी चांगले वाहून गेले. घरांत पाणी आले नाही. लोकांनी कामाचे कौतुक केले.

मग ते उधाण आले.

इंजिनिअर दोन दिवसांनी आला. पाइपांचे तोंड त्याने बराच वेळ पाहिले. "तुम्हीच उघडी ठेवा म्हणाला होतात," तो आत्याला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"उघाडी," आत्या म्हणाली.

"हो. उघडी."

शेजाऱ्याने त्याला हाताने दाखवले : तळवा खाडीकडून मिटला, मग उघडला. इंजिनिअरने चप्पल काढून पाय धुतले आणि परसात जाऊन विहिरीत डोकावला.

पाइपांना लोखंडी झडपा दिवाळीपूर्वी बसल्या. त्यानंतर खाडीचे पाणी आत आलेले नाही. विहीर पंप लावून तीनदा उपसली. दर वेळी आत्या पहिली ओंजळ तोंडाशी नेई, चूळ भरून टाकी आणि पंपवाल्याला म्हणे, "अजून जरा उपस रे." चौथ्यांदा तिने पंप बोलावला नाही.

त्या दिवाळीला मुलाने विषय काढला नाही. भाऊबीज झाल्यावर आत्या स्वतःच पिशवी भरून ओटीवर येऊन बसली. ती आता करंजाड्याला राहते.

मागच्या रविवारी तिने मला फोन केला. "एक बादली वढ. चाखून सांग."

मी गेलो. राहाट गंजला होता, पण फिरला. पाणी खारट होते. तसे मी तिला सांगितले.